तीस मोजेपर्यंत

"पडायचंच असेल तर आत येऊन पडा. आत गाद्या आहेत."

त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

१९८१ चा श्रावण संपत आला होता. रसायनीतल्या एका कारखान्याची कॉलनी, तिथला करमणुकीचा हॉल, आणि त्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. एका हातात छत्री, खांद्याला पिशवी... पहिल्याच पायरीवर पाय सटकला आणि मी चिखलात बसले. वर दारात एक सडपातळ माणूस उभा होता. अंगात जाड पांढरा कुडता, कमरेला तपकिरी पट्टा. ओठ मिटलेले, पण डोळे हसत होते.

त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही.

"माझी मी उठेन."

"उठाल हो. पण इथे आधी पडायला शिकवतात. तुमचा पहिला धडा तर बाहेरच झाला."

मी चंद्रभागा. सगळे चंद्रा म्हणतात. त्याच कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते, वय बावीस. कॉलनीत बायकांसाठी ज्युदोचा क्लास सुरू होतोय, असा कागद नोटीस बोर्डावर लागला आणि मी त्याच दिवशी नाव दिलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. जूनमध्ये ड्यूटीवरून घरी जाताना, मोहोपाड्याच्या पुढच्या वळणावर एका माणसाने माझं मनगट धरलं होतं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. दिवसभर 'हॅलो, हॅलो' करणारी मी, आणि ऐन वेळी मुकी! दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल आली म्हणून त्याने सोडलं. तो कोण होता ते कधीच कळलं नाही. फुटलेली बांगडी पाहून आईने विचारलं, तेव्हा दगडावर आपटली म्हणून सांगितलं.

क्लास घेणारे गजा मास्तर फौजेतून हवालदार होऊन परतलेले. काथ्याच्या गाद्या, त्यावर ताणून बांधलेली ताडपत्री, तिला ओल्या रबराचा आणि घामाचा वास. पहिला महिना आम्ही फक्त पडलो. मागे, बाजूला, पुढे. हनुवटी छातीला लावायची आणि जमिनीवर पोहोचता पोहोचता हात सपकन आपटायचा, म्हणजे मार डोक्याला न लागता हाताला लागतो. रोज नवा डाग. कोपरावर, मांडीवर, खांद्यावर. आई, गंगाबाई, चुलीपुढून बघायची.

"लोकांच्या पोरी शिवणकाम शिकत्यात गं. आमची पडाया जाती. कोन करल तुला बायकू? अंगावर जागा ऱ्हायली नाय धड!"

दसऱ्यापर्यंत बाकीच्या बायका गळाल्या. उरले मी एकटी. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "वजनाने तुझ्या बरोबरीचा एकच आहे. श्रीपत, इकडे ये."

श्रीपत म्हणजे तोच, दारातला. कर्जतकडच्या कडाव गावचा, आमच्यासारख्याच बौद्ध घरातला. आधी ॲसिड प्लांटवर होता, आता स्टोअरमध्ये मोजमाप लिहायचा. असा चांगला चपळ कामगार स्टोअरमध्ये का बसवला, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

मास्तरांनी नियम सांगितला. पाठ टेकवून तीस मोजेपर्यंत दाबून धरलं, की जिंकलं. सहन होईना तर गादीवर दोन थापा मारायच्या. वरच्याने त्या क्षणी सोडायचं. मग श्रीपतने मला खाली घेतलं. हळूच, एखादं पोतं ठेवावं तसं. त्याचं वजन छातीवर आलं, त्याची बोटं माझ्या मनगटाभोवती मिटली, आणि... मी पुन्हा त्या वळणावर होते. हात हलेना. श्वास येईना. थाप मारायची हेही आठवेना.

त्याने आपणहून सोडलं. चार हात दूर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. मी हुंदके देत होते आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, जणू त्यावर काही महत्त्वाचं लिहिलंय.

मग तसाच, पाठमोरा, म्हणाला, "कोण होता?"

मी सांगितलं. पहिल्यांदा, आणि कुणाला तर ज्याला ओळखतही नव्हते त्याला.

"उद्या याल?"

"नाही."

"बरं. मी सहाला येऊन बसेन. आलात तर मनगट सोडवायचं शिकवतो. अंगठ्याच्या बाजूने ओढायचं असतं... पकड तिथे कच्ची असते."

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच मी पायरीवर होते.

त्यानंतर मी त्याचा चेहरा वाचत शिकले. तो डाव टाकणार असला की डावी भुवई जरा वर जायची. मी ते ओळखलंय हे त्याला कळलं तेव्हा मोठ्याने हसला.

"एवढं निरखून बघता माझ्याकडे?"

"भुवईकडे बघते."

"फक्त भुवईच?"

"बाकी बघण्यासारखं आहे काय—"

"काही नाही," तो म्हणाला. "म्हणून तर भुवईवर भागवतोय."

क्लास सुटला की तो मला वळणापर्यंत सोडायला यायचा. दोन हात अंतर ठेवून. गादीवर तासभर एकमेकांच्या गळ्यात पडणारी आम्ही माणसं, रस्त्यावर मात्र बोटाला बोट लागलं तरी दचकायचो! पाताळगंगेवरून वारा यायचा, त्यात कारखान्यांचा तो आंबूस वास. श्रीपत मध्येच थांबायचा, खोकायचा. थंडी बाधली म्हणायचा.

डिसेंबरात मी जिंकू लागले. आधी कधीतरी, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. मला पंख फुटले. मी खाली घेतलं की तो दहाच्या आत थापा मारायचा. एकदा मी चिडलेच.

"तुम्ही मुद्दाम हरता."

"नाही हो."

"खोटं. बाई म्हणून सोडता."

तो गादीवर बसून श्वास गोळा करत होता. "चंद्रा... शपथेवर सांगतो. एकदाही मुद्दाम हरलो नाही."

मी खूष झाले. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी मान फिरवली आणि खिडकीशी गेले.

सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडावंदनानंतर ज्युदोचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मैदानात ताडपत्री, भोवती कामगार, साहेब, त्यांची बायकापोरं. पिवळसर कोवळं ऊन. माझी आईही आली होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. पुरुषाला एक मुलगी आपटणार म्हणून लोक कडेला उभे राहिले होते.

मी त्याला आपटलं. डाव इतका सुरेख बसला की मलाच आवाज ऐकून नवल वाटलं. लगेच छातीवर आडवी होऊन पकड घट्ट केली. मास्तर मोजू लागले. पाच... सहा... लोकही त्यांच्याबरोबर ओरडू लागले. मी त्याच्या थापेची वाट पाहत होते. थाप येईना. बारा... तेरा... मला वाटलं, आज चारचौघांत ऐटीत लढतोय. मी आणखी जोर लावला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर. तो माझ्याकडे बघत होता. भुवई हलत नव्हती. वीस... एकवीस... मी हसत होते. सगळं मैदान हसत होतं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस!

टाळ्या. मी उठले, दोन्ही हात वर केले. आईनेही टाळी वाजवली, ते मी पाहिलं.

तो उठला नाही.

ओठ जांभळे, नखं जांभळी. छाती वर यायची, पण आत काही जात नव्हतं. मास्तर धावले, कुडत्याचा पट्टा सोडला. कुणीतरी कारखान्याची गाडी आणली. आणि मी तिथेच उभी होते, मघाशी उंचावलेले हात कुठे ठेवायचे ते न कळून.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला हॉलमध्ये बोलावलं. ते त्या पायरीवर बसले होते.

"दोन वर्षांमागे त्याच्या प्लांटमध्ये गॅस सुटला. हा बाहेर पडला होता. आतला एक माणूस राहिला म्हणून परत गेला, त्याला ओढून आणलं. तो माणूस आज ठणठणीत आहे. याच्या फुप्फुसांना गॅस लागला. ती आखडत चालली आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी पळायलासुद्धा मना केलंय."

"मग तुम्ही त्याला गादीवर का घेतलंत?"

"हळूच खेळेन म्हणाला, आणि मी ऐकलं. आधी हाकलला होता मी. वर्षभर आला नव्हता. त्या दिवशी नुसता पट्टा परत करायला आला होता, शेवटचा एकदा बांधून..." मास्तरांनी पायरीवरून हात फिरवला. "तेवढ्यात तू पायरीवर पडलीस."

मी घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाही. मला ज्याने श्वास घ्यायला जागा दिली, त्याच्या छातीवर बसून मी तीस मोजले होते. हसत.

तो मुंबईच्या इस्पितळात पाच आठवडे होता. भेटायला येऊ नका, असा निरोप त्याने मास्तरांबरोबर पाठवला. होळीनंतर कळलं, त्याला कडावला आणलंय. मी रजा टाकली आणि कर्जतहून एस.टी.ने गेले.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने येतं, म्हणून तिकडे भर उन्हाळ्यातही भात हिरवागार असतो. त्या हिरव्याच्या कडेला त्याचं घर. त्याची आई, गौराबाई, बांधावर गवत कापत होती. मी नाव सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय ती... जा आत. पर रडू नको त्याच्याम्होरं. त्याला रडाया लागलं तर दम पुरत नाय."

तो उशांना टेकून बसला होता. निम्मा उरला होता. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"येऊ नका म्हटलं होतं मी."

"थाप का मारली नाहीत?"

त्याने चादर छातीपर्यंत ओढली.

"श्रीपत, मी विचारतेय. थाप का मारली नाहीत?"

"तुम्ही... हसत होता." एकेका शब्दाला तो थांबत होता. "इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आणखी थोडं... एवढं सोसेल."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले. बाहेर विळ्याचा आवाज थांबला होता. गौराबाई ऐकत असावी.

"मी लग्न करायला आलेय," मी म्हणाले.

"वेड लागलंय. डॉक्टर दोन वर्षं म्हणालाय. फार तर."

"मग दोन वर्षं आहेत की."

"माझ्यावर दया नको, चंद्रा!" तो ओरडला, आणि खोकल्याने त्याला असं पकडलं की मी उठून पाठ धरली. हाताला बरगड्या लागत होत्या. खोकला थांबेपर्यंत मी हात काढला नाही.

"दया?" मी म्हणाले. माझाही आवाज चढला होता. "मी भेदरले तेव्हा तुम्ही सगळं पाहिलंत, सगळं ऐकलंत. आणि तुमचं मी काहीच बघायचं नाही? माझ्याकडून तुम्ही स्वतःला मारवून घेत होता, आणि मी जिंकतेय म्हणून नाचत होते! त्या मैदानात तुम्ही गेला असता तर मी कशी जगले असते? विचार केलात?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग आता करा."

तो कौलांकडे बघत राहिला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते त्याने पुसलं नाही.

"मला धाप लागते," तो शेवटी म्हणाला. "झोपता येत नाही, बसून असतो. खोकल्यात रक्त पडतं कधी. भाताचं ताट जड लागतं... भीती वाटते, चंद्रा. खूप वाटते. आईला सांगता येत नाही."

"मला सांग."

'सांग' म्हणाले, 'सांगा' नाही. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, कडावच्या विहारात आमचं लग्न झालं. माझी आई आली, पण सगळ्यांच्या मागे बसली, आणि परतताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरी, डोळं उघडं ठिऊन विहिरीत उडी घेतलीस," एवढंच बोलली. मी नाही म्हटलं नाही. उडी होतीच.

दोन वर्षं काही मिळाली नाहीत. सोळा महिने मिळाले. पहाटे कर्जतमार्गे ड्यूटीला जायचे, संध्याकाळी यायचे. तो दाराशी खुर्चीत असायचा, दिवसभरात कुठल्या बांधावर किती बगळे उतरले ते सांगायला. भांडलोही. मी त्याच्यासाठी बढती सोडली म्हणून तो चार दिवस बोलला नाही. एका दुपारी सरी कोसळत असताना दारात बसून आम्ही अख्खा फणस संपवला आणि गौराबाईने दोघांनाही शिव्या घातल्या. सुख म्हणतात ते तेवढंच, पण होतं.

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी चहा गाळत होते. पलीकडून त्याने विचारलं, "साखर घातलीस?"

"घातली."

"आणखी अर्धा चमचा घाल."

मी घातली, ढवळली, आणि कप घेऊन गेले. दहा पावलं होती. तेवढ्यात तो गेला होता. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे दाराकडे.

मी कप धरून उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. गौराबाई शेतातून आली, पायाला चिखल, हातात विळा. दारातूनच तिला सगळं कळलं. विळा टाकून ती आधी माझ्याकडे आली. माझी बोटं एकेक करून सोडवली, तो भरलेला कप जपून खाली ठेवला. आणि मग मला पोटाशी धरून, इतके महिने आवरलेलं रडू तिने मोकळं सोडलं.