पाचवा झेंडा

फाटक उघडून तो थेट पालकाच्या वाफ्यातच शिरला.

"अहो, पाय!" ती ओरडली.

तो एक पाय हवेत धरून थिजला. "सॉरी... माती तपासायला आलोय."

"मग मातीत उभे राहा की. पालकावर कशाला?"

गल्लीच्या टोकाला शिसं वितळवणारा कारखाना होता. त्याचा धूर वर्षानुवर्षं या अंगणांत उतरला होता, म्हणून आता सरकारी माणसं घरोघरची माती तपासत होती. त्याने वाफ्यात पाच पिवळे झेंडे रोवले, प्रत्येकाजवळची चमचाभर माती पिशवीत भरली. किती जपून... ती त्याच्या हातांकडेच बघत राहिली.

पण तो नळावर हात धुवायला गेला आणि तिने पिशवीतली माती बदलली. कुंडीतली, विकतची भरली. शेजारची माती खराब निघाली, तेव्हा ट्रक येऊन ती खरवडून घेऊन गेला होता. हा वाफा बाबांनी केला होता. बाबा गेले, वाफा तेवढा राहिला होता.

चार दिवसांनी तो परत आला.

"तुमची माती गल्लीत सगळ्यात स्वच्छ निघाली."

"बघा!"

"शेजारच्या छपरावरच्या धुळीतही याहून जास्त शिसं आहे," तो हळूच म्हणाला. "कुंडीतली आहे ना?"

तिचा चेहरा पडला. "बाबांचा वाफा आहे हो. लिहून टाका ना स्वच्छ म्हणून... माझ्यासाठी."

त्याने आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पालक निवडत बसली होती. सातवा महिना.

"तुमच्यासाठी काहीही लिहिलं असतं," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "पण हा पालक त्या खाणार. म्हणजे... बाळसुद्धा."

तिने जाऊन वहिनीच्या हातातली जुडी काढून घेतली. मग स्वतःच वाफ्यात बसली, पिशवी भरली आणि त्याच्या हातात दिली.

ट्रक आला. ती सगळ्यांदेखत रडली. त्या दिवशी त्याचं तिथे काहीच काम नव्हतं, तरी तो फाटकाशी उभा होता.

नवी माती पडली. पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर, रिकाम्या हाताने.

"आता काय तपासायचं राहिलं?"

"माझे झेंडे पाच होते. चारच परत आले."

"ऑफिसात बोलणी खाल्लीत वाटतं?"

"छे, ऑफिसला पत्ताही नाही. मीच मोजले."

ती आत गेली. पेन्सिलींच्या डब्यातला पिवळा झेंडा घेऊन आली. "माझी एक चोरी म्हणून सुटत नाही तुमच्या नजरेतून!"

"अजून काही लपवलंय?"

"लपवलं होतं..." तिने मान खाली घातली. "रोज फाटकाकडे बघत होते मी. आवडता तुम्ही मला. झालं समाधान?"

त्याला हसू आवरेना.

तिने नव्या मातीच्या मधोमध झेंडा रोवला.

"इथला नमुना घ्यायचाय?" त्याने विचारलं.

"नाही. इथे बाबांच्या आवडीचा गुलाब लावू या आपण."

"आपण?"

"हो. या आत," ती म्हणाली. "पण पाय जपून."