बिनमिठाचं ताट

फोन खिशात घाला. नाहीतर उठा आणि घरी जा, मला काही तुमची गरज नाही. हं. आता ऐका. जिच्यावर हे गुदरलं तिनंच माझ्या शेडमध्ये, भर दुपारी, सिमेंटच्या गोणीवर बसून मला सांगितलं. मी थडग्यांचे दगड घडवणारा माणूस. शाळेत दोन वर्षं गेलो, तीही मास्तरांच्या शिव्या खायला. पदरचं घालून सांगायला माझ्याकडं डोकं नाही.

व्हर्लिन क्वाशी. तुम्ही तिला इंग्लंडवाली म्हणायचात. आई इथलीच, विंडवर्ड गावची, पण ही जन्मली वाढली इंग्लंडात. तीस वर्षं दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, नवऱ्याला सोडलं आणि बावन्नाव्या वर्षी इथं कॅरिआकू बेटावर आली. टेकडीवर आईच्या जागेत दोन खोल्यांचं लाकडी घर बांधलं आणि ब्लॉग लिहायला बसली. बेटावरचं जगणं. आज बोट उशिरा आली, शेळीनं मिरचीचं झाड खाल्लं, टाकीतलं पाणी आटलं. असलं काहीतरी. ब्रुकलिनमधली, लंडनमधली आपली माणसं ते वाचून डोळे पुसायची. इथं मात्र ती दुकानात शिरली की बोलणारे गप्प व्हायचे.

"किती वर्षं झाली गं तुला?" दुकानदारीण विचारायची.

"चार."

"चार? मग अजून पाहुणीच की. परतीचं तिकीट काढून ठेवलंयस ना?"

सगळे हसायचे. तीही हसायची, आणि घरी जाऊन रडायची. बाईला पैसा नको होता, नाव नको होतं. आपल्यातली म्हणावं, एवढंच हवं होतं.

आता अँसेल्म कड्जो. होड्या बांधणारा. तो मरून तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या डोक्याशी दगड नव्हता. का नव्हता ते तुम्हाला ठाऊक आहे. दगड आपण आपल्या मनानं बसवत नाही. मेलेला स्वप्नात येतो, मागतो, मग बसवतो. आणि येतो तो आपल्या माणसाकडंच. परक्याला स्वप्न पडत नाही.

हे व्हर्लिनला चार वर्षांत चांगलं कळलं होतं. जानेवारीत एका दुपारी लिहायला काही सुचेना. तिनं लिहून टाकलं, की काल रात्री अँसेल्म काका माझ्या स्वप्नात आला. अनवाणी. दारात उभा राहिला. दगड मागितला, बिनमिठाचं ताट मागितलं, आणि मोठा ग्लास भरून रम.

साफ खोटं. जन्मात दोनदा पाहिलं होतं तिनं अँसेल्मला.

दोन दिवसांनी अँसेल्मची बहीण, साऱ्या गावाची मावशी, तांती आर्मिना, काठी टेकत टेकडी चढून आली. एक्याऐंशी वर्षांची बाई. ब्रुकलिनच्या नातीनं तिला फोनवर ते वाचून दाखवलं होतं.

"व्हर्लिन, खरं का गं? अँसेल्म आला तुझ्याकडं?"

तेव्हा नाही म्हणायचं होतं. एक शब्द. पण नाही म्हटलं नाही तिनं.

"आला, तांती."

म्हातारीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तीन वर्षं रोज रात्री वाट बघते मी. सख्ख्या बहिणीकडं नाही आला मेला! तुझ्याकडं आला. म्हणजे तू आमची, पोरी. आता कोण तुला इंग्लंडवाली म्हणतो ते बघते." मग डोळे पुसून विचारलं, "मागितलं काय काय?"

"दगड. ताट. आणि रम."

म्हातारीचे हात खाली आले.

"रम?"

"हो... मोठा ग्लास."

"अँसेल्मनं?"

व्हर्लिनला कळेना काय चुकलं. तिला कोण सांगणार? अँसेल्मनं एक्केचाळीस वर्षं रमला हात लावला नव्हता. तरुणपणी तो आणि त्याचा जोडीदार रात्रीचे होडीवर पीत बसले होते. सुकाणू अँसेल्मच्या हातात. वारा फिरला, शिडाचा दांडा आडवा आला आणि जोडीदाराला घेऊन गेला. सापडला नाही तो. ना मढं, ना थडगं, ना दगड. त्याचं नाव? रात्र आहे. उद्या दिवसा विचारा.

तांतीनं काठी जवळ ओढली. उठताना म्हणाली, "मेल्यानं मागितलं ते बदलायचं नसतं. ठेवू रम."

गेल्याच्या गेल्या वर्षीचा मार्च, तेवीस तारीख, शनिवार. पुनवेला दोन दिवस होते. दिवसभर तांतीच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. व्हर्लिन बायकांत बसून मक्याचं कुकू घोटत होती आणि बायका तिला टोमणे मारत होत्या. "अगं, असं काय ढवळतेस, चहा आहे का तो?" टोमणे, पण आपल्या माणसाला मारतात तसले. ती म्हणाली, इतकी खूश मी आयुष्यात नव्हते.

स्वप्न ज्याला पडलं, ताट त्याच्या घरी. संध्याकाळी मी दगड टेकडीवर नेला आणि आतल्या खोलीत पलंगावर आडवा ठेवला, माणूस निजवतात तसा. वर पांढरी चादर. तांतीनं टेबलावर ताट मांडलं. कुकू, भाताचे गोळे, तुरीचे दाणे, कोंबडा. मिठाचा कण नाही, मेल्याला मीठ चालत नाही. एक मेणबत्ती. मोठा ग्लास भरून जॅक आयर्न, आपली कडक रम. चारही खुर्च्या आत सरकवल्या. खिडकीला आतून अडसर, दाराला कुलूप. किल्ली आणि रमची उरलेली बाटली व्हर्लिनकडं, बाहेरच्या खोलीत. पहाटेपर्यंत दार उघडायचं नाही. पहाटे पोरं येतात आणि ताट लुटतात. तुम्हीही लुटलंय, हसू नका.

बारापर्यंत ढोल वाजत होते. मग थांबले. माणसं झोपली. व्हर्लिन संगणक मांडीवर घेऊन बसली, ही रात्र लिहून काढायला. दाराच्या फटीतून मेणबत्तीचा उजेड येत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी खुर्ची सरकली.

लाकडावर लाकूड. सावकाश. माणूस जेवायला बसताना ओढतो तशी.

तिला वाटलं, उंदीर. उंदीर खुर्ची ओढत नाही. तिला वाटलं, दगड घसरला. दगड घसरला असता तर घर हादरलं असतं.

मग काहीच नाही. बराच वेळ.

मग ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"अँसेल्म काका?"

...

"काका, तुम्हीच ना?"

...

आणि मग टक्. टक्.

तुम्हाला ठाऊक आहे तो आवाज. रमच्या दुकानात ग्लास रिकामा झाला की आपण बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा ठोकतो. आणखी ओत.

बाटली तिच्या पायाशी होती. किल्ली मुठीत. ती जागची हलली नाही. फटीतला उजेड मध्येच तुटला होता, दोन ठिकाणी. टेबलाखाली पाय असावेत तसा.

टक्. टक्.

तेव्हा तिचा बांध फुटला. दाराला तोंड लावून ती म्हणाली, "मी खोटं लिहिलं. मला स्वप्न पडलंच नाही. कुणी आलं नव्हतं. कुणी काही मागितलं नव्हतं. मला माफ करा. जा."

आत शांत झालं.

तिला वाटलं, गेला.

...

टक्. टक्.

त्याला काय खोटं आणि काय खरं? जेवायला बोलावलं होतं ना.

ती तशीच बसून राहिली. पहाटेपर्यंत. किती वेळा वाजलं, ते तिनं मोजलं नाही.

उजाडलं. पोरं आरडत टेकडी चढली. तांती मागून आली. व्हर्लिननं कुलूप काढलं आणि दार ढकललं. पोरं धावत आली... आणि उंबऱ्यावर थांबली. एकानंही पाय आत टाकला नाही. आधी एक मागं वळलं. मग सगळी वळली. गुपचूप. कुकू तसंच, कोंबडा तसाच, चमचाही हललेला नाही. चादरीखाली दगड जागच्या जागी. मेणबत्ती विझलेली. खिडकीचा अडसर लावलेला. ग्लास कोरडा.

आणि एक खुर्ची बाहेर ओढलेली.

तांतीनं ग्लास उचलून वास घेतला. "ही अँसेल्मनं नाही घेतली," म्हणाली, आणि काठी टेकत खाली गेली.

दगड बसला. लोक खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची पुन्हा बाहेर. तीच. व्हर्लिननं आत सरकवली. तिसऱ्या दिवशी बाहेर. तिनं ती टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधली. सकाळी सुतळी नीट सोडलेली, खुर्ची बाहेर. मे महिन्यात ती माझ्याकडं आली. म्हणाली, त्या खुर्चीवर येतो त्याच्यासाठी आणखी एक दगड घडवून दे.

"नाव काय घालू?" मी विचारलं.

तिला नाव ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही, मला भानगड नको होती. ती तांतीकडं गेली, पायाशी बसली, सगळं खरं सांगितलं. तांती एवढंच बोलली, "ज्याचं नाव तुला ठाऊक नाही त्याला जेवायला बोलावलंस, आणि माझ्या भावाच्या नावानं." आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री व्हर्लिननं ब्लॉगवर कबूल केलं, की स्वप्न खोटं होतं. त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही. गावानं तिच्याकडं येणं-जाणं तोडलं. दुकानात गेली की आता गप्पही होत नव्हते, ती दिसतच नाही असं बोलत राहायचे. तिच्या घरी येणारा एकच उरला होता.

जूनमध्ये ती बोटीनं गेली. सामान काही नेलं नाही.

आणि एक जुलैला वादळ आलं. विंडवर्डचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, मी काय सांगू. चौथ्या दिवशी मी माझे पत्रे शोधत टेकडीवर गेलो. तिचं घर नव्हतं. छप्पर नाही, भिंत नाही, पलंग नाही. ते जड टेबल कुठं समुद्रात गेलं देव जाणे. नुसती जमीन, धुतल्यासारखी.

त्या जमिनीच्या मधोमध एक खुर्ची. उभी. पोरगं एका हातानं उचलेल इतकी हलकी. पायाला सुतळीचा तुकडा.

आत सरकवायला टेबलच नव्हतं. मी तशीच सोडून खाली आलो.