शेवटची वीत

रस्ता कोरडा ठणठणीत होता, ऊन चटके देत होतं, आणि दुकानासमोर उभा असलेला माणूस मात्र मानेपासून कमरेपर्यंत ओलाचिंब होता.

त्याची गाडी शटरच्या अगदी तोंडाशी बंद पडली होती. लोण्याच्या रंगाची, पोटाशी फिकट निळी, गोल दिव्यांची, पन्नासेक वर्षांची कॅम्पर व्हॅन – म्हणजे जिच्यात माणूस झोपतो, चहा करतो आणि मनात आलं की घरासकट चालू पडतो, तसली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "पाच मिनिटांत हलवतो."

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, लवकर हलवा, आमचा टेम्पो यायचाय. दुकानाच्या दारात आलेली ती म्हणाली, "तुम्ही ओले कसे?"

"काल पाऊस पडला ना…"

"तो काल. तुम्ही आज ओले आहात."

"तेच तर! पाणी हिच्या छतात कुठून तरी शिरतं, रात्रभर दडून बसतं, आणि सकाळी मी ब्रेक दाबला की धबकन माझ्या अंगावर. चार महिने झाले शोधतोय. कुठून शिरतं, ते सापडत नाही."

सापडत नाही! हे दोन शब्द तिच्यापुढे कुणी उच्चारूच नयेत. लहानपणी तिनं आत्याचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, शेजाऱ्यांचा रेडिओ उघडला होता, आणि एकदा तर आत काय भरलंय बघायला आत्याच्याच उशीची शिवण उसवली होती. तेव्हापासून आत्या तिला भुंगा म्हणायची. बंद वस्तू दिसली, की ही तिच्याभोवती गुणगुणत फिरणार. आता ती आत्याच्याच गाद्या-उशांच्या दुकानात शिवणकाम करत होती, तिशीला टेकली होती, आणि भुंगा काही सुटला नव्हता.

"कोण आहे गं?" आत्यानं आतून विचारलं.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "आतून बघू का जरा?"

आत लाकडाचा जुना वास होता. छोटा ओटा, छोटं कपाट, आणि कपाटाच्या खणांना गुलाबी गुलाबी मुठी. तिनं एक मूठ चाचपून पाहिली. गुळगुळीत, किंचित ओलसर वाटणारा गुलाबी रंग. कुठंतरी पाहिलाय हा… रोज पाहतेय…

"मूळच्या मुठी हरवल्या होत्या," तो कानाची पाळी खाजवत म्हणाला. "मी दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्य माप घेतात, दात मी करतो. हिरड्यांचा माल थोडा उरला होता, त्यातून ओतल्या."

"म्हणजे तुमच्या कपाटाला हिरड्या आहेत?"

"दात नाहीत, एवढंच."

ती इतकी हसली, की आत्या सुई हातात घेऊन बाहेर आली. आत्याच्या तोंडातली कवळी बोलताना खटखट वाजायची. कवळीवाल्यानं ती दोन वाक्यं ऐकली आणि अदबीनं म्हणाला, "मावशी, उद्या आणतो घासायचं सामान. मागच्या बाजूला कणभर उंच झालीय." दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत खटखट बंद झाली, आणि आत्या कायमची त्याच्या बाजूला गेली.

तो जुन्या गाद्या घेऊन आला. मागच्या बाकाची एक, पुढच्या आसनांच्या दोन. सगळ्या पाण्यानं कुजलेल्या.

"दोन्ही आसनं करायची?" तिनं वही उघडत विचारलं.

"दोन्ही."

"दुसऱ्यावर कोण बसणार?"

"ते… अजून ठरलं नाहीये."

"ठरवा. आमच्याकडे रीत आहे. गादी पूर्ण शिवत नाही आम्ही. वीतभर शिवण उघडी ठेवतो. जो बसणार तो येऊन बसतो, मग भराव कमी लागला तर काढायचा, जास्त लागला तर घालायचा, आणि मगच शेवटची वीत शिवायची. बसणाऱ्याशिवाय गादी दुकानाबाहेर जात नाही."

"कुणाचीच?"

"मागं एका न्यायाधीशांना चार जिने उतरवून आणलं होतं," आत्या अभिमानानं म्हणाली.

तो म्हणाला, "बघतो. विचारून."

म्हणजे कुणीतरी होतं. तिनं वहीत माप लिहिलं, आणि डोक्यात भुंगा सोडून दिला.

आता गळतीचं. पाणी शोधायचीही एक रीत असते, ती त्यानं सांगितली. "वरून ओतलं तर पाणी सगळीकडून ओघळतं, मग चोर कुणाला म्हणणार? म्हणून खालून वर जायचं. आधी खालचा सांधा, मग खिडकीचं रबर, मग छताची कड. एकानं बाहेर पाईप धरायचा, एकानं आत बसून बघायचं. मी पडलो एकटा. बाहेर असलो की आत कुणी नाही, आत गेलो की बाहेर कुणी नाही."

"मग लग्न का नाही केलंत?" आत्या म्हणाली.

"पाण्यासाठी?"

"लोक याहून किरकोळ कारणांसाठी करतात हो."

तर असे ते रविवार सुरू झाले. दुकानामागच्या अंगणात गाडी, बाहेर तो पाईप घेऊन, आत ती शिंप्याचा निळा खडू घेऊन. पाणी दिसलं की त्या जागी खूण करायची. खिडक्या बंद, मध्ये पत्रा, त्यामुळे खूण ठरली – आतून एक टकटक म्हणजे कोरडं. दोन म्हणजे पाणी आलं.

टक.

"ह्या सांध्यात नाही!" तो बाहेरून ओरडायचा. "पुढं जातो!"

पाईप सरकेपर्यंत गप्पा. पत्र्याआडून माणूस जरा मोकळा बोलतो, हे तिला तेव्हा कळलं.

"दात कसे करता?" तिनं ओरडून विचारलं. "माणूस तर तुम्हाला दिसतही नाही."

"फोटो मागवतो. हसरा. आणि दात मुद्दाम किंचित वाकडे बसवतो. सगळे सरळ असले की खोटे दिसतात."

"मग माझे खरे दिसत असतील."

बाहेर पाणी नुसतंच वाहत राहिलं. मग आवाज आला, "तुमचा पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलाय. तसला जमवायला मला तीन दिवस लागतात… आणि तरी तितका चांगला होत नाही."

बंद गाडीत एकटी बसलेली बाई लाजली तर कुणाला कळतं? तिनं घाईघाईनं टक केलं.

दुसऱ्या रविवारी तो गाडीच्या दिव्याच्या तारा पिळता पिळता म्हणाला, "समुद्राकाठच्या गावात कवळ्यांची नवी प्रयोगशाळा निघालीय. मला बोलावलंय. घर मिळेपर्यंत हिच्यातच राहीन म्हणतो. गळती सापडली की निघायचं. तोवर नाही, नाहीतर तुमच्या नव्या गाद्या आठवड्यात कुजतील."

"अच्छा," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

आणि त्याच दिवशी तिला सापडली. छताच्या कडेला, पडद्याच्या दांडीमागे, केसाएवढी बारीक चकाकती रेघ. पाणी तिथून आत यायचं आणि छताच्या अस्तरामागून वाहत पार पुढं जायचं, म्हणून त्याला कधी दिसलं नाही. तिनं आनंदानं निळी फुली मारली. टकटक करायला हात उचलला…

गळती सापडली की निघायचं.

हात तसाच राहिला. मग त्या हातानं फुली पुसली, रुमालानं पाणी टिपलं, पडदा चार बोटं पुढं ओढला, आणि पत्र्यावर वाजवलं. एकदाच.

त्यानंतर चोराच्या मनात चांदणं. ती, जी बंद पाकीट उजेडात धरून बघते, त्या एका कोपऱ्याकडे मान वर करून बघेना. तिसऱ्या रविवारी खिडकी नीट लागली नव्हती, पाईपचं पाणी थेट तिच्या तोंडावर आलं, आणि तिनं "अरे, मूर्खा!" म्हणून एकेरीचा मुहूर्त केला. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "तू… बरी आहेस ना?" दोघंही मग बराच वेळ नुसतेच निथळत उभे राहिले.

चौथा रविवार कोरडा गेला. पाचवाही.

मधल्या दिवसांत गाद्या तयार झाल्या. मागच्या बाकाची झाली, त्याच्या आसनाची झाली. त्याला बसवून मूठभर भराव काढला. "तुझं वजन दिसतं त्यापेक्षा कमी आहे," ती म्हणाली. उरलं दुसरं आसन, वीतभर उघडं.

"उंच आहे का रे ती?" तिनं दोरा ओवत विचारलं. "म्हणजे गादीच्या हिशोबानं विचारतेय."

"मध्यम."

"वजनानं?"

"ते विचारायचं धाडस झालं नाही."

"मग आण ना तिला एकदा! शिवण किती दिवस उघडी ठेवू?"

"येईल," तो म्हणाला. "तिला बऱ्याच चौकशा असतात. आधी त्या संपू देत."

कोण असेल ही चौकस बया? तिला मनापासून राग आला.

सहाव्या रविवारी तो आला तो पडेल चेहऱ्यानं. "प्रयोगशाळेचा फोन आला. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस बघतो म्हणाले. म्हणजे परवा. गळती सापडो न सापडो, निघायलाच हवं. आज शेवटचं बघू."

ती आत बसली. बाहेर पाणी सुरू झालं. खालचा सांधा. टक. खिडकीचं रबर. टक. तिच्या डोळ्यांपुढं ते समुद्राकाठचं गाव आलं. तिथला पाऊस. छतामागून चोरपावलांनी उतरणारं पाणी, त्यानं वर्षभर घासलेलं लाकूड, तिनंच शिवलेली गादी. कुजणार, आणि तिला माहीत असताना कुजणार. आत्यानं एकच शिकवलं होतं: गिऱ्हाइकाला आतला भराव दिसत नाही, म्हणून तो चोख असला पाहिजे.

सांगितलं तर तो जाणार. न सांगितलं तरी जाणारच, वर फसवला जाऊन. आणि सांगून तो चिडला, तर… तर चिडू दे.

पाणी छताच्या कडेवर आलं. आत थेंब नव्हता. तरी तिनं वाजवलं.

टक. टक.

पाईप खाली पडला. तो धावत आत आला. "कुठं?"

"इथं," तिनं पडदा सारला. "म्हणजे आत्ता नाही आलेलं… आज का येत नाहीये कुणास ठाऊक. पण इथूनच येतं. मला दुसऱ्याच रविवारी सापडलं होतं. मी खूण पुसली. तू निघशील म्हणून. चार आठवडे मी तुला खोटं एक-एक वाजवून दाखवतेय. आता बोल काय बोलायचं ते."

त्यानं तिच्या हातातला खडू घेतला आणि त्या जागेवर तोंडानं हा केला, आरशावर करतात तसा. वाफ बसली, आणि वाफेत निळी फुली फिकट फिकट उमटली.

"कवळीवर केसाएवढी रेघ असली तरी मला दिसते," तो म्हणाला. "ही तर चांगली अंगठ्याएवढी. वर तू पडदा चार बोटं पुढं ओढून ठेवलेलास, एरवी दर पडदा टेप लावून सारखा करणारी तू. त्याच संध्याकाळी टपावर चढलो. कॅरियरच्या पायाखाली एका स्क्रूचं भोक उघडं होतं. आधी मेण भरलं, मग वरून पाणी रोखणारं सीलंट. तेव्हापासून ठणठणीत कोरडी आहे ही."

तिला दोन क्षण कळेचना. "म्हणजे… मग तू दर रविवारी पाणी कशाला ओतत होतास?"

"तू आत बसायचीस म्हणून."

बाहेर पडलेला पाईप अंगणभर पाणी सोडत होता. कुणीच उठलं नाही.

"आणि मी खोटं बोलतेय हे माहीत असून?"

"दर रविवारी वाटायचं, आज दोनदा वाजेल. म्हणजे कळेल, मी जावं असं तुला वाटतंय. नाही वाजलं की इतकं बरं वाटायचं…"

"मूर्खा," ती म्हणाली, पण ह्या वेळी हळू. मग एकदम आठवून, "आणि ती? दुसऱ्या आसनावरची?"

तो उठला, दुकानात गेला, आणि ती वीतभर उघडी गादी आणून पुढच्या डाव्या आसनावर ठेवली.

"मध्यम उंचीची आहे," तो म्हणाला. "चौकशा फार करते. अजून तिला नीट विचारलेलं नाही… बसून बघतेस?"

जगातलं एवढं एक कोडं तिच्या नाकासमोर सहा आठवडे उघडं पडलं होतं, आणि भुंगा त्याच्यावर बसला नव्हता. ती बसली. हललीडुलली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"भराव बरा आहे," ती म्हणाली. "पण उभ्या गाडीत काय कळणार? चालत्या गाडीत बघावं लागेल."

"किती लांब?"

"समुद्र दिसेपर्यंत तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आत्या शटर ओढून, कुलूप लावून, हातात पिशवी घेऊन उभी. अंगात चांगलं लुगडं.

"तू कुठं?" तिनं विचारलं.

"मागच्या बाकाची गादी झाली म्हणतेस, पण त्यावर कोण बसलंय अजून? रीत म्हणजे रीत." आत्या चढली आणि मागं ऐसपैस बसली. "आणि तुम्ही दोघं पुढं काय बोलायचं ते बोला. मला मेलीला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"खरंच?" कवळीवाल्यानं वळून विचारलं, अगदी हळू.

"खरंच," आत्या म्हणाली.

गाव मागं पडलं तशी वाऱ्याबरोबर एक सर आली, छतावर ताडताड वाजायला लागली. तिनं मान वर करून तो कोपरा बघितला, मोकळ्या मनानं. त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही, नुसत्या भुवया उंचावल्या. मांडीवरच्या वाकड्या सुईत दोरा ओवलेलाच होता. वीतभर शिवण अजून उघडीच होती, आणि तिला काडीची घाई नव्हती.

तिनं हात वर नेला आणि पत्र्यावर वाजवलं.

टक.