शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघतो

"बूट काढायचे म्हणे. गाडी घ्यायला आलोय का देवदर्शनाला?"

निरंजन हे पुटपुटला तेव्हा त्याचं डोकं गुडघ्यापर्यंत वाकलेलं होतं आणि बोटं उजव्या बुटाच्या नाडीशी झगडत होती. शलाकाशिवाय कुणालाच ते ऐकू गेलं नाही. नाडीची गाठ साधीच होती, सकाळी तिनंच बांधलेली, ओढली की सुटावी अशी. पण बोटं तिच्यापर्यंत जायची आणि भलतीकडेच चिमटा काढायची. शलाकानं पर्समधून रुमाल काढला, मुद्दाम खाली पाडला आणि तो उचलता उचलता नाडीचं टोक ओढून दिलं.

समोर उभे असलेले विक्रेते चौगुले छताकडे बघत होते. त्यांना काही दिसलं नसावं. त्यांच्या शेजारच्या तरुण अभियंता फरहीन मुजावर यांना मात्र दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच हातातल्या डिजिटल पाटीवर काहीतरी बघायला सुरुवात केली.

कोल्हापूर-सांगली रस्त्यावरच्या त्या शोरूमच्या मागं हा जुळवणीकक्ष होता. शस्त्रक्रियेच्या खोलीसारखा पांढरा आणि थंड. गाडी विकण्याआधी इथं ती माणसाशी जुळवून बघायची, असा कायदाच झाला होता. मधोमध तीन सेडान गाड्या उभ्या होत्या: मैना, भारद्वाज आणि ससाणा. तिन्ही ऑटोमॅटिक.

ऑटोमॅटिक का, याचं उत्तर घरात पाठ झालं होतं. घाटात क्लच दाबून पाय भरून येतो. निरंजन तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांत क्ष-किरण यंत्रं दुरुस्त करत हिंडायचा. आजरा, राधानगरी, गगनबावडा. असा माणूस क्लचला कंटाळणारच. मेहुण्याला हेच सांगितलं, शेजाऱ्यांना हेच सांगितलं. मागच्या महिन्यात गाडी घराच्या गेटवर आदळली तेव्हा निरंजन म्हणाला होता, "गेटच जरा पुढं आलंय," आणि सगळे हसले होते. शलाका तेव्हा अंगणात झाडांना पाणी घालत होती. तीही हसली होती. पाइप हातातच राहिला आणि जास्वंदीच्या कुंडीतली सगळी माती वाहून गेली, ते तिला नंतर दिसलं.

"मैना तुमच्या बजेटमध्ये बसते, सर," चौगुले म्हणाले. "पण खरं सांगू? डिकीत तुमची ती अवजारांची पेटी टाकली की गगनबावड्याच्या घाटात मैना बसकण मारणार. ससाणा मात्र लई भारी. सीट पाठ चेपून देते. छताला खिडकी आहे."

"छताला खिडकी कशाला?" शलाका म्हणाली. "कोल्हापूरच्या उन्हात भाकरी भाजायची का आत बसून?"

"वहिनी, भाकरीचं माहीत नाही. पण आमच्या साहेबांना कमिशन त्याच खिडकीतून मिळतं," चौगुल्यांनी कबूल केलं. "म्हणून मधली बघा. भारद्वाज. शक्ती आहे, हेतुवेध आहे, किंमतही पेलेल. एकच अट, शक्ती सगळी मोकळी झाली पाहिजे."

"मोकळी म्हणजे?"

याचं उत्तर मुजावर मॅडमनी दिलं, पण शलाकाकडे न बघता निरंजनकडे बघत, एका यंत्रवाल्यानं दुसऱ्याला सांगावं तसं. "ब्रेक दाबायचा असं तुम्ही ठरवता, सर, आणि मग पाय हलतो. मध्ये थोडा काळ जातो, तो हेतुविलंब. पाय हलण्याआधी स्नायूत बारीकशी वीज चमकून जाते. तिला आम्ही हेतुस्पंद म्हणतो. गाडीच्या गालिच्याखाली तारांचं जाळं आहे, ते हा स्पंद टिपतं, तोच हेतुवेध. पाय पेडलवर पोचायच्या आत गाडी ब्रेक लावायला लागलेली असते."

"ठरवायचं मी आणि करायचं तिनं."

"हो. पण स्पंदच उशिरा उठत असेल तर गाडी काय करणार? म्हणून विलंब जेवढा जास्त, तेवढी ती कमी शक्ती मोकळी करते. आणि फारच जास्त निघाला तर गाडी देताच येत नाही. एक फेरचाचणी मिळते. तिथंही तेच आलं तर निकाल आपोआप परिवहन कार्यालयात जातो आणि लायसन्स थांबतं."

लायसन्स थांबलं की नोकरी थांबली. कंपनीनं गाडी चालवणारा माणूस ठेवला होता, शेजारी बसून जाणारा नाही. हे गणित निरंजननं रात्री अंथरुणात केलं असणार. शलाकानंही केलं होतं, त्याच अंथरुणात, दुसऱ्या कुशीवर. दोघांनी एकमेकांना उत्तर विचारलं नव्हतं.

निरंजन दारातून आत वाकून जाळ्याचा नकाशा बघत होता. यंत्र दिसलं की त्याचा चेहरा अजूनही उजळायचा. "हे डावीकडच्या सीटखालीही पसरलंय. तार फुकट घालवलीत."

"फुकट नाही, सर. हीच गाडी डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांतही जाते. चालक कुठे बसलाय हे कारखाना तिला सांगत नाही, ती स्वतः शोधते. रस्त्याला ज्या क्षणी ब्रेक हवा असतो, त्या क्षणी ज्या पायात स्पंद उठतो, तो पाय चालकाचा. त्याचंच ती ऐकते."

"आणि शेजारचा माणूस?"

"शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघतो, सर," मुजावर मॅडम हसल्या. "गाणं ऐकतो, शेंगा खातो. त्याच्या पायात हेतू नसतो."

पहिल्या फेरीला निरंजन दारातच घुटमळला. "ती येऊ दे की बरोबर."

"वहिनींना कशाला दगदग? कॉफी घेऊ दे," चौगुले म्हणाले आणि त्यांनी खुर्चीही आणली. शोरूममधली माणसं अशीच प्रेमानं घात करतात.

काचेपलीकडे चाचणीचा रस्ता होता. चाचणीपुरते गाडीचे स्वतःचे डोळे, म्हणजे कॅमेरे, झाकलेले असतात, कारण तिथं माणूस मोजायचा असतो; अडथळा कधी सरकला एवढंच तिला कळवलं जातं. भारद्वाज निघाली. वळण नीट घेतलं. हात त्याचे अजून चांगले होते. मग कडेच्या फळीमागून थर्माकोलची एक मुलगी रस्त्यावर सरकली, गणवेश रंगवलेली, पाठीला दप्तर. शलाकाची टाच खुर्चीखालच्या फरशीवर दाणकन आपटली. कॉफी साडीवर सांडली.

गाडी थांबली. मुलीच्या पलीकडे जाऊन थांबली.

चौगुले तुकडे गोळा करायला धावले. "काही नाही, काही नाही, थर्माकोल आहे हो," ते पुनःपुन्हा सांगत होते. कुणाला सांगत होते कोण जाणे. पाटीवर लाल रेघ आली होती.

"मोजे घसरतात," परत आल्यावर निरंजन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "नवीन आहेत. आणि तुमचं पेडल जरा उंचावर आहे."

पेडल उंच नव्हतं, मोजेही नवीन नव्हते. चौगुल्यांनी गणवेशाचा एक निळा तुकडा खिशात घातला.

"फेरचाचणी आत्ताच घ्यायची की आठवड्याभरानं येता?" मुजावर मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. डॉक्टरांचा आवाज असा मऊ झाला की शलाकाला धडकी भरायची.

"आत्ताच." निरंजननं मोजे काढले. मग शलाकाकडे न बघता तो म्हणाला, "चल गं."

ती उठली. दोन वर्षं ती अशीच उठत होती. एकट्याला कंटाळा येतो, असं त्यानं एकदा म्हटलं होतं. तेव्हापासून ती त्याच्याबरोबर सगळीकडे जायची. कळंब्याला तिची रोपवाटिका होती, तिथं आता आठवड्यातून एकदा जाणं व्हायचं आणि तेही मेलेली रोपं उपटायला. नवीन गालिचा मळायला नको म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या आणि डावीकडे बसली.

वळण. मग सायकल आडवी आली. तिचा उजवा पाय नेहमीसारखा गालिच्यात रुतला, जणू तिथं ब्रेकच होता, आणि भारद्वाज गपकन थांबली. पुढं थर्माकोलची गाय, गाडी थांबली. शेवटी फळीमागून दुसरी मुलगी सरकली, तशीच, दप्तरवाली. शलाकानं श्वास कोंडला, टाच दाबली. मुलगी उभीच राहिली. रंगवलेले डोळे गाडीच्या नाकापासून हातभर लांब.

"वीस वर्षांच्या पोराचा विलंब आहे, सर!" चौगुले दोन्ही हात वर करून ओरडले. "पूर्ण शक्ती मोकळी! मघाशी जाळ्यालाच काहीतरी झालं असणार. थांबा, नारळ आणतो."

निरंजन हसला. आवाज करून, तोंड उघडून हसला. असं हसताना तिनं त्याला कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. "बघ," तो म्हणाला. "मोजेच होते."

शलाकाची उजवी पोटरी ठणकत होती. पोटरीत गोळा आला होता, राधानगरीहून परतताना यायचा तसाच. ती खाली वाकून पोटरी चोळायला लागली आणि चोळता चोळताच तिचा हात थांबला.

"मॅडम," मुजावर पाटीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवता?"

"छे. लग्नानंतर यानं शिकवायला घेतलं होतं. रंकाळ्यापर्यंत पोचलो तोवर इतकं भांडण झालं की तिथून मी रिक्षानं घरी आले."

निरंजन पुन्हा हसला. मुजावर हसल्या नाहीत. त्यांनी एकदा तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांत. त्यांना कळलं होतं आणि हिलाही कळलंय हेही त्यांना कळलं होतं. त्यांची बोटं पाटीवर अधांतरी राहिली, सांगू का नको असं विचारत.

शलाकानं मान हलवली. नको.

कारण चालेल की असं, तिच्या मनात आलं. दोन वर्षं चाललंच. मी बसेन रोज. रोपवाटिका विकून टाकू. डुलकी घ्यायची नाही, मोबाइल बघायचा नाही, खिडकीबाहेर तर बघायचंच नाही. ताप आला तरी बसेन. नोकरी राहील, तो असाच हसत राहील. आणि जेव्हा त्याचे हातही जातील तेव्हा? तेव्हाचं तेव्हा. आणि एखाद्या दुपारी, जेवणानंतर, राधानगरीच्या शाळेसमोर माझाच डोळा लागला तर? तिनं हा विचार जसा आला तसा बाहेर ढकलायचा प्रयत्न केला, पण तो दप्तर पाठीला लावून आत उभाच राहिला.

चौगुल्यांनी नारळ फोडला, बॉनेटवर कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मुजावर मॅडमनी जुळवणीचा निकाल नव्या भारद्वाजमध्ये भरला होता. न भरता त्यांना चालणार नव्हतं.

"आता हिचं खास वैशिष्ट्य बघा," चौगुले म्हणाले. "चालकस्वागत! गाडी आपल्या चालकाला ओळखते. सीट त्याच्या उंचीला लावते, आरसे त्याच्या डोळ्यांना लावते. या वर्गात दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही. बसा दोघं."

दोघं बसले. दारं लागली. गाडीच्या आत नव्या कातड्याचा आणि झेंडूचा वास होता. निरंजननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वाट बघितली.

त्याची सीट हलली नाही.

डावीकडची सीट हळूच पुढं सरकली, जराशी उंच झाली, शलाकाच्या पाठीला टेकली. मग बाहेरचे दोन्ही आरसे बारीक गुणगुणत डावीकडे वळले. मधला आरसाही वळला. शलाकाला त्यात मागची काच दिसली, काचेपलीकडचा रस्ता दिसला, नारळाच्या करवंट्या हातात घेऊन उभे राहिलेले चौगुले दिसले. सगळं स्वच्छ, व्यवस्थित, जसं चालकाला दिसायला हवं तसं.

"पहिल्यांदा कधीकधी होतं असं," बाहेरून चौगुल्यांचा आवाज आला. "मॅडम, परत लावा की एकदा." मुजावर मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

निरंजन मधल्या आरशात बघत होता. त्याला तिथं रस्ता दिसत नव्हता. त्याला तिचा खांदा दिसत होता.

"जाळं बिघडलंय," शलाका घाईघाईनं म्हणाली. "तार फुकट घालवली तू म्हणालास ना, तिथलंच काहीतरी असेल. आपण दुसरी गाडी मागू. मैना घेऊ, निरंजन, मैना काय वाईट आहे? पेटी हलकी करू. मी येते ना बरोबर, मी रोज येते—"

"तुझी टाच वाजते," तो म्हणाला.

तिनं दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

"जुन्या गाडीत. दोन वर्षं. समोर काही आलं की गालिच्यावर तुझी टाच वाजायची. ती वाजली की मी ब्रेक मारायचो. रस्ता बघून नाही मारायचो गं. रस्ता दिसायचा, पण पायाला तो कळेपर्यंत फार उशीर व्हायचा." त्यानं हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच थरथरत होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं झाकला नाही. "गेटच्या वेळी तू अंगणात होतीस. मघाशी पहिल्या फेरीत मी वाट बघत होतो. ती पोरगी समोर आली, मला दिसली, आणि मी तुझ्या टाचेची वाट बघत होतो."

"निरंजन, राहू दे ना आता..."

"मी आजारी आहे, शलाका. मला गाडी चालवता येत नाही."