काळ्या कागदातली बाटली

लॅबवाल्या बाई डबा खाऊन परतल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त चहा होता. कुलपात किल्ली फिरवताना एकदम आठवलं. लघवीची बाटली त्या खिडकीत विसरल्या होत्या. उघडी, भर उन्हात.

पोर्फिरियाचा, म्हणजे उन्हाने अंगावर फोड उठवणाऱ्या आजाराचा, नमुना उजेडात ठेवायचा नाही, हे त्यांनी पंचवीस वर्षं नव्या पोरींकडून घोकून घेतलं होतं. जे शोधायचं तेच उन्हात विरून जातं आणि मग अहवालात लिहावं लागतं, 'आढळले नाही'. तसं त्यांनी एकदा लिहिलंही होतं. तेव्हाही अशीच चार वर्षांची पोर होती, हातभर फोड आलेली. त्या अहवालावरून आईच चटके देते असं ठरलं. पोरीला अनाथाश्रमात नेलं, आणि तिथल्या उघड्या अंगणात उन्हात खेळून फोड चिघळले आणि ती गेली. तेव्हापासून बाटली आली रे आली की बाई तिला काळा कागद गुंडाळून दोरा बांधत. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. पण आज नेमका फोन वाजला आणि फुंकायचं राहून गेलं.

बाहेर बाकावर आजची आई बसली होती, मांडीवर लांब बाह्यांचा सदरा घातलेली मुलगी. पाच वाजता बालकल्याणच्या अधिकारी येणार होत्या, हीही आईच चटके देते या संशयावरून पोरीला घेऊन जायला. भीतीने मुलीला सकाळपासून पुन्हा शूसुद्धा झाली नव्हती. जे काही होतं ते त्या एका बाटलीतच होतं.

बाईंनी दार ढकललं. बाटली खिडकीतच होती, पण काळ्या कागदात. कागद चुरगळलेला, आणि दोऱ्याला एकावर एक पाच-सहा गाठी. नुकतीच गाठ मारायला शिकलेल्या हाताच्या.

"आत कोण आलं होतं?"

"कुणीच नाही हो ताई. मी हललेच नाही इथून. कुलूप तर तुमचंच होतं."

"ती होती की," मांडीवरची मुलगी म्हणाली. "दाराच्या खालच्या काचेतून दिसली मला. तिच्या हाताला पण बाऊ झालाय."

बाटली छातीशी धरून बाई आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जुन्या औषधांचा आंबूस वास होता. नळ ठिबकत होता. त्यांनी गाठी सोडवल्या, जांभळा दिवा लावला... आणि बाटली लालसर गुलाबी पेटली.

"सुटली गं बाई तुझी आई," त्या पुटपुटल्या. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मोरीच्या कोपऱ्यात, टेबलाच्या उंचीपेक्षाही खाली, तसाच गुलाबी उजेड दिसला. बारीक बारीक ठिपक्यांची ओळ. ते काय आहे हे कळायला बाईंना थोडा वेळ लागला. या आजारात दातही असेच उजळतात. ते दुधाचे दात होते.

बाई टेबलाची कड धरून खाली वाकल्या.

"तू... तूच ना गं?"

ओळ जराशी रुंदावली.

"माझं चुकलं, बाळा... फार चुकलं..."

नळ ठिबकायचा थांबला. बाईंनी चाचपडत खोलीतला साधा दिवा लावला. कोपऱ्यात ओलं फडकं होतं, बाकी काही नाही.

पाच वाजता अधिकारी बाईंनी अहवाल दोनदा वाचला, डॉक्टरांना विचारलं आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या. आई मात्र ऊन उतरेपर्यंत थांबली. मग सगळी मिळूनच फाटकापर्यंत आली.

"टाटा, काकू," कडेवरची मुलगी म्हणाली. मग तिने बाईंच्या उजव्या बाजूला, जरा खाली पाहत पुन्हा हात हलवला. "तुला पण टाटा. आता ऊन नाहीये, जा तू घरी."

बाईंनी खाली पाहिलं नाही. त्यांनी फक्त उजव्या हातातली डब्याची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मोकळा सोडला.