सतरा नंबरचे ठोके

दुपारचे चार वाजले होते. पळस्प्यापासून खाडीच्या बाजूला गेलं की जुनी मिठागरं लागतात, तिथं ऊन नुसतं चकाकत होतं. एवढ्या लख्ख उजेडात काही वाईट घडेल असं कुणाला वाटावं? अबरारला तर नाहीच वाटलं. काम रोजचंच होतं. जमिनीखालून गॅसचा पाइप जातो, तो कुठे झिरपतोय ते शोधायचं. पाइपाच्या वर चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं, ओळीने मातीत रोवलेली. तुळशीरामने लोखंडी पत्र्यावर घण मारायचा, की गाडीत बसलेल्या हेतलच्या लॅपटॉपवर रेषा उमटायच्या. मग एक मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं. गॅस झिरपत असेल तर त्या शांततेत त्याची बारीक थरथर दिसते.

"सर, सतरा नंबरवर थरथर आहे," वॉकीटॉकीवर हेतल म्हणाली. "आणि ठोके पण येताहेत. तीन... थांबून परत तीन."

अबरार पाना घेऊन तिकडे निघाला. सतरा नंबर म्हणजे व्हॉल्व्हचा खड्डा. दोन वर्षांपूर्वी तुळशीरामचा भाऊ महादेव त्यात उतरला, वरून झाकण बसलं आणि चौथ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र एकट्या अबरारला ठाऊक होती. त्या दिवशीही इथं सर्व्हे चालू होता आणि असेच ठोके त्याच्या लॅपटॉपवर आले होते. "पाय असतील कुणाचे," असं स्वतःशीच म्हणून त्याने ते पुसून टाकले होते.

खड्ड्यात कुणी उतरलं की दुसऱ्याने झाकणापाशी बसायचं, हा नियम महादेवनंतर अबरारनेच घालून दिला होता.

"तुमी एकलं नका उतरू, अबरारभाय," तुळशीराम म्हणाला. "मी हाय ना झाकनापाशी."

"नको, काका. तुम्ही पलीकडच्या टोकाला जा. मिनिटभराचं काम आहे."

ते ठोके तुळशीरामच्या कानावर पडू नयेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आपला नियम त्याने आपल्याच हाताने मोडला.

खाली गंजाचा आणि कुजक्या खाऱ्या पाण्याचा वास कोंडला होता. गॅस मोजायच्या यंत्रावर शून्य. पाइप कोरडा ठणठणीत. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच डोक्यावरचं झाकण सरकलं. वारा नव्हता. झाकण सावकाश सरकलं आणि नीट बसलं.

मिट्ट काळोख. त्याने खांदा लावला, हाक मारली, वॉकीटॉकीचं बटण दाबलं. हेतलचा आवाज येत होता, याचा जात नव्हता. आणि कानाजवळ ती थरथर... आता ती नुसती थरथर नव्हती. आत जात होती, बाहेर येत होती. कुणीतरी दमून श्वास घ्यावा तशी.

"या अल्लाह..."

मग त्याला एक गोष्ट सुचली. वर सतरा नंबर ऐकतोय! त्याने पान्याने पाइपवर ठोकायला सुरुवात केली. तीन... थांबून परत तीन.

"सर, ठोके पुन्हा येताहेत. खूप जोरात. काय करू?"

"हेतल! मी आहे! खड्ड्यात!" तो घसा फाटेपर्यंत ओरडला.

वॉकीटॉकी खरखरला. उत्तर आलं, शांत, अगदी अबरारच्याच आवाजात.

"पाय असतील कुणाचे. काढून टाक."

"ओके सर."

जरा वेळाने वर माती खरवडली गेली. तुळशीराम एकेक जिओफोन उपटत येत होता. चौदा. पंधरा. सोळा. पावलं बरोबर डोक्यावर येऊन थांबली. अबरारने दोन्ही मुठी झाकणावर आपटल्या.

"काका! काका, मी खाली आहे... मीच पुसले होते महादेवचे ठोके... मला बाहेर काढा!"

वर तुळशीराम कुणाशी तरी बोलत होता.

"झाकन लावलंत काय, अबरारभाय? बरं केलंत. चला, आवरलं समदं."

दोघांची पावलं गाडीकडे गेली. गाडीची घरघर पाइपातून त्याच्या तळहातात आली आणि हळूहळू विरली. अबरारच्या हातातून पाना निसटून चिखलात पडला.

तरी पाइपवर ठोके पडतच होते. तीन... थांबून परत तीन.