वन्संचा डावा इअरबड

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती आजही पडदे शिवते, आणि तिच्याशी बोलायचं तर तिच्या उजवीकडे जाऊन बसावं लागतं.

भूत रात्रीच येतं असं मानणाऱ्यांना एवढंच सांगायचं… हे सगळं भर दुपारी झालं. पडदे शिवायच्या खोलीत, समोरासमोर ठेवलेल्या दोन मशिनींपाशी.

एक मशीन वहिनीची, दुसरी तिच्या नणंदेची. नणंद वयाने धाकटी, तरी वहिनी तिला चिडवायला ‘वन्सं’ म्हणायची. एका कुशीतल्या नव्हत्या, पण एका दोऱ्यात ओवलेल्या होत्या. इअरबडची जोडीही दोघींत एकच. उजवा वहिनीच्या कानात, डावा वन्संच्या.

दोघींना वेड लावलं होतं एका ऐकायच्या पुस्तकाने. त्यातली परिचारिका इतकी गोड, की ज्याचा जीव घ्यायचा त्याची आधी मायेने विचारपूस करायची. “जरा उशी नीट करते हं,” असं ती म्हणाली की समजावं, माणूस संपला. इकडे या दोघी हसता हसता टाके चुकवायच्या.

“तिथे मुडदे पडतायत आणि तुम्ही दात काढताय,” वहिनीचा नवरा म्हणायचा.

“दादा, तू फक्त आजारी पडू नकोस,” वन्सं म्हणायची. “उशी द्यायला मीच येणार आहे.”

त्या इअरबडची एक खोड होती. दोन्हींतला एक जरी कानातून काढला, की पुस्तक आपोआप थांबायचं. आणि वन्संला मध्येच कान खाजवायची सवय. नेमकं उशीपाशी आल्यावर सगळं थांबायचं.

“काप तो कान एकदाचा,” वहिनी वैतागायची.

पहिला भाग संपला. दुसऱ्याची वाट बघता बघता वन्संला ताप आला… आणि साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

दुसरा भाग आला तेव्हा तिच्या मशिनीवर कापड घातलेलं होतं.

वहिनीने सवयीने उजवा इअरबड कानात घातला. डावा त्या कापडावर ठेवला. असं पुस्तक चालत नाही, हे तिला ठाऊक होतं.

ते चालू झालं.

बिघडलं असेल, तिने मनाला सांगितलं. पहिलाच खून झाला. उशी नीट झाली. कितीतरी महिन्यांनी वहिनीला हसू फुटलं… आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून, तिच्या पाठोपाठ, कुणीतरी हसलं.

तोंड दाबून. नाकातून. वन्सं हसायची तसं.

मग पुस्तक थांबलं.

क्षणभराने पुन्हा सुरू झालं.

कुणीतरी कान खाजवला होता.

वहिनी घाबरली नाही, हेच तर वाईट झालं. तिला बरं वाटलं. मग रोज दुपारी थोडंसंच ऐकायचं, माहेरचा खाऊ पुरवून खावा तसं. झालेला खून मागे नेऊन पुन्हा ऐकायचा. समोरून साथ यायचीच.

पण तिचा डावा कान गार पडू लागला. मग त्यातून ऐकू कमी येऊ लागलं.

डॉक्टरांनी नीट तपासलं. “कान ठणठणीत आहे,” म्हणाले.

आणि एक दिवस रस्ता ओलांडताना, डावीकडून आलेल्या गाडीचा हॉर्न तिला ऐकूच आला नाही. चालकाने ब्रेक दाबला म्हणून वाचली.

त्या दिवशी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तिच्या कानात उजवा इअरबड घालून, फोनवर पुस्तक लावून तो मशिनीपाशी गेला. डावा इअरबड उचलला… फोनवर पळणारे सेकंद थांबले. कापडावर ठेवला… पळू लागले.

त्याने तो पुन्हा उचलला नाही.

“पुस्तकासाठी थांबलीये ना ती? मग संपव ते.”

“संपलं की जाईल रे ती.”

“जाऊ दे. माझी बहीण होती, मला का जड जात नाही? पण तिच्यामागे तू जायला नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेवटचं प्रकरण लावलं. नवरा दारात बसून राहिला. परिचारिकेच्या मागावर असलेला इन्स्पेक्टरच पाय मोडून तिच्या वॉर्डात येऊन पडला होता. “साहेब, जरा उशी नीट करते हं.”

वहिनीला हसू आलं नाही. समोरूनही आलं नाही.

“वन्सं,” ती खुर्चीकडे बघत म्हणाली, “झालं गं. आता नीघ, बाई. मला अजून इथे राहायचंय.”

काहीच हललं नाही. खोली मोकळी झाल्यासारखी वाटली. तिने इअरबड काढायला हात वर नेला… तेवढ्यात वाचणारीचा आवाज आला.

“परिचारिका लवकरच पुन्हा कामावर रुजू होत आहे. तिसऱ्या भागात.”

नवरा उठून तिच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. गेली का, असंच विचारत असावा. तिला ऐकू आलं नाही. त्या कानात गाडी पोचत नव्हती, मशिनीची घरघर पोचत नव्हती, नवऱ्याची हाकही पोचत नव्हती.

पोचलं ते फक्त हसणं. आता समोरून नव्हे… थेट कानाच्या आतून.

“हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “गेली.”

तिसरा भाग आला का, हे ती आजही रोज फोनवर बघते. भीतीने बघते की ओढीने… हे तिला विचारायची घरात कुणाची छाती होत नाही.